झोंबणारे मलम आणि अम्मांचे गुडघे

आमच्या सासूबाईंना घरातले सगळेच अम्मा म्हणतात, गल्लीतलेसुद्धा. वय सत्तरीला टेकलेले. माहेर आणि सासर दोन्ही मानवत तालुक्यात. तरुणपणी त्यांनी वर्षानुवर्षे कापूस वेचला, निंदण-खुरपण केले, दूरच्या विहिरीवरून पाणी वाहिले. मुले शिकली, घर परभणीला आले, पण गुडघे तेच राहिले. तीन वर्षांपूर्वी एका जुम्याच्या दिवशी जुहरच्या नमाजीत त्या सजद्यात गेल्या आणि त्यांना उठताच येईना. आम्ही दोघांनी धरून उठवले. दुसऱ्या दिवशी बैठकीतली प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या खोलीत गेली. आजारी माणसाला नमाजीत सवलत आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी कपाळ जमिनीला लागत नाही याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसायची.

अम्मांच्या उशाशी एक स्टीलचा डबा असतो. त्यात तसबीह, सुपारी, अडकित्ता आणि दुखण्याच्या गोळ्या. या गोळ्या कोणी लिहून दिल्या, हे विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ‘दर्द की गोली’ म्हटले की मिळायची. सकाळी एक, रात्री एक, लग्नकार्य असले तर दुपारी आणखी एक. अम्मांना मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. गेल्या वर्षी रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी डबा मागवला, गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या आणि शांतपणे सांगितले, ‘‘आज से ये बंद.’’

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. चार दिवसांच्या दुखण्यात धडधाकट माणसाचे त्याने सहसा बिघडत नाही. पण मधुमेह, रक्तदाब आणि उतारवय एकत्र असेल आणि गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर मूत्रपिंड हळूहळू खचते, आणि बरेच खचेपर्यंत कळतही नाही. आपल्या किती घरांत असा डबा आहे, हे प्रत्येक भगिनीने आपल्या आई-सासूच्या उशाशी जाऊन आजच बघावे. गावोगाव बिननावाच्या पुड्या देणारेही असतात. एका पुडीत दुखणे पळते, कारण तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असते. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू.

तर गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम शिकवले, वजन थोडे उतरवायला सांगितले आणि एक मलम लिहून दिले. घरी आल्यावर आम्ही सवयीने ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली : कॅप्सेसिन, ०.०२५ टक्के. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवण्यात आयुष्य गेले, विज्ञानाशी संबंध बारावीपुरता. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ही मिरची आहे!’’

मिरचीचा तिखटपणा ज्या पदार्थामुळे असतो, तो कॅप्सेसिन. तो बियांत असतो असे आपण समजतो. खरे तर बिया ज्या पांढऱ्या गरावर चिकटलेल्या असतात, त्या गरात तो सर्वात जास्त असतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी तेजस’ नावाचा मिरचीचा वाण दिला आहे, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला धर्माबादचा मिरचीबाजार सर्वांना माहीत आहे. पण मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात उतरली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे काळी मिरी. इब्ने सीना १०३७ मध्ये वारले. युनानी हकिमांच्या या सर्वात मोठ्या गुरूने लाल मिरची पाहिलीसुद्धा नसणार. आमच्या वडिलांना हकिमी औषधांची आवड होती. सांधेदुखीला ते ‘वजउल मफासिल’ म्हणत, कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला ‘इर्कुन्नसा’, आणि दोन्हींवर तेलाची मालीश आणि शेक. दुखऱ्या जागी ऊब आणावी, हा विचार फार जुना आहे. मिरचीचे मलम त्याच विचारातले वाटते, पण त्याचे काम निराळे आहे, आणि ते न कळल्यामुळेच आमची पुढची फजिती झाली.

पहिल्या रात्री आम्ही काय केले? अम्मांचे गुडघे नेहमीप्रमाणे गरम पाण्याच्या पिशवीने शेकले, मग भरपूर मलम घेऊन पाच मिनिटे चोळले, वरून गरम कपडा गुंडाळला. बाममध्ये हेच करतात ना! दहा मिनिटांत अम्मा उठून बसल्या. ‘‘दुल्हन, ये दवा है या मिर्ची की चटनी?’’ कपडा सोडला तर गुडघे लालभडक. आम्ही ओल्या फडक्याने पुसले. आग आणखी पसरली. ती रात्र दोघींनी जागून काढली आणि सकाळी ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिथे ती दोन महिने पडून होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही तक्रारीच्या सुरात सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मग कागदावर नसेचे चित्र काढून समजावले. ते आमच्या शब्दांत सांगतो.

कातडीत वेदनेचा निरोप नेणाऱ्या बारीक नसांची टोके असतात. त्या टोकांवर जणू छोटी दारे असतात. अंगाला ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की हे दार उघडते आणि मेंदूला निरोप जातो : चटका बसतोय, मागे हो. मिरचीतले कॅप्सेसिन याच दाराची चोरकिल्ली आहे. उष्णता नसतानाही ते दार उघडते. म्हणून मिरची खाल्ली की तोंड ‘भाजते’, पण तोंडात फोड येत नाही. मलम लावल्यावर कातडी थोडी लाल होते, पण चुलीजवळ बसल्यासारखे जे वाटते ते नसेला झालेला भास असतो. पक्ष्यांमधले हे दार या किल्लीने उघडत नाही, म्हणून आपला पोपट हिरवी मिरची पेरूसारखी खातो. हे दार अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढले. त्याला टीआरपीव्ही-१ असे रूक्ष नाव आहे. त्यासाठी २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत. हे दुसरे शास्त्रज्ञ बैरूतमध्ये जन्मले, लेबनॉनमधल्या यादवीच्या काळात तरुणपणी अमेरिकेला गेले. त्यांनी कातडीला दाब आणि स्पर्श कसा कळतो ते शोधले.

आता मुख्य गोष्ट. दार सतत उघडत राहिले की नस थकते. ती निरोप पाठवणे कमी करते, तिची कातडीतली टोकेही काही काळ मागे सरतात. मग मिरचीचा निरोप जात नाही तसा गुडघ्याच्या दुखण्याचाही कमी जातो. उन्हाळ्यात मिरची कांडपावर काम करणाऱ्या बायकांना विचारून बघा. पहिल्या दिवशी ठसक्याने जीव जातो, डोळ्यांना धार लागते; आठवड्याने त्याच धुराळ्यात त्या गप्पा मारत उभ्या असतात. गिरणी तीच, मिरची तीच. मलमाचे काम असेच चालते. एकदा लावून उपयोग नाही. बामसारखे ‘दुखले की लावले’ हा हिशेब इथे चुकतो. रोज तीन-चार वेळा, न चुकता, निदान दोन ते चार आठवडे लावावे लागते, तेव्हा कुठे फरक कळतो. सुरुवातीचे काही दिवस आग होते, मग ती दिवसेंदिवस कमी होत जाते. आणि नेमके त्याच पहिल्या दिवसांत आपण ट्यूब फळीवर ठेवून देतो. मध्ये दोन-चार दिवस खाडा झाला तर नस पुन्हा ताजी होते आणि आगही पहिल्यापासून सुरू होते.

दुसऱ्यांदा आम्ही डॉक्टरांनी सांगितले तसे केले. वाटाण्याएवढे मलम, कोरड्या आणि थंड कातडीवर, चकाकी जाईपर्यंत हलक्या हाताने. शेक नाही, पट्टी नाही, वर घट्ट कपडा नाही. अंघोळीच्या आधी आणि नंतर तासभर मलम नाही, कारण गरम पाण्याने आणि घामाने तीच आग पुन्हा पेटते. खरचटलेल्या, पुरळ आलेल्या कातडीला तर लावायचेच नाही. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये हे मलम सुरू करणे म्हणजे परीक्षाच. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत सुरू केले, ते बरे झाले.

तरी एक धडा उरला होता, तो आम्हाला स्वतःला मिळाला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी अम्मांना मलम लावले, घाईत नळाखाली हात धरले आणि वुजू करायला बसलो. नाकात पाणी घेतले मात्र, मस्तकापर्यंत आग गेली. चेहऱ्यावर हात फिरवला तर डोळे उघडेनात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तेलात विरघळते, साबणाने निघते. नुसत्या पाण्याने धुतलेला हात स्वच्छ दिसतो, पण मिरची बोटांवर तशीच असते. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात मिरच्या चिरून हात जळणाऱ्यांची हकिकत छापून आली आणि त्या दुखण्याला डॉक्टरांनी चीनच्या हुनान प्रांताचे नाव दिले, कारण तिथली भाजी फार तिखट. आपल्या बायकांना हे दुखणे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे आणि उपायही : मिरची कुटण्याआधी हाताला तेल.

ज्या घरात दिवसातून पाच वेळा तोंड, नाक आणि डोळ्यांवरून हात फिरतो, तिथे ही गोष्ट साधी नाही. म्हणून आम्ही नियम केला. मलम लावताना हातात प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजा. तो नसेल तर आधी बोटांना थोडे खाण्याचे तेल चोळून पुसायचे, मग साबणाने दोनदा धुवायचे, नखांच्या आतसुद्धा. वेळ नमाजीच्या नंतरची, आधीची नव्हे. फजर, जुहर आणि इशा झाल्यावर लावले की पुढच्या वुजूपर्यंत भरपूर वेळ मिळतो. असर ते मगरिब आणि मगरिब ते इशा यांत तो मिळत नाही. गुडघा वुजूत धुवावा लागत नाही, त्यामुळे तिथले मलम तसेच राहते. पावलांना लावत असाल तर ते प्रत्येक वुजूला धुतले जाणार, हे धरूनच वेळ ठरवावी. थंडीत आपण वुजूला गरम पाणी घेतो; मलम लावलेल्या पावलांवर ते पाणी ओतून बघू नका. रमजानमध्ये कातडीवर मलम लावल्याने रोजा तुटत नाही, असे आलिम सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे, पण शंकेपोटी मध्येच खाडा करू नये.

डोळ्यात गेलेच तर चोळू नका, स्वच्छ पाणी बराच वेळ मारत राहा आणि आग थांबली नाही तर डॉक्टर गाठा. घरात लहान मुले असतील तर आणखी एक. आमचा धाकटा रात्री दादीच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. मलम सुरू झाल्यापासून दादी आणि नातू यांच्यामध्ये एक उशी आली आहे. त्याला ती मुळीच आवडत नाही.

हे मलम किती गुणकारी आहे, याविषयी कुणाला भूल घालायची आमची इच्छा नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गुडघ्याच्या झिजेसाठी या मलमाची शिफारस आहे, पण जोरदार नाही, अटीची. त्याच तत्त्वांत व्यायाम आणि वजन कमी करणे या दोन्हींची शिफारस मात्र जोरदार आहे. हाताच्या सांध्यांसाठी हे मलम लावू नये असा त्यांचा कल आहे, कारण हाताचे मलम डोळ्यात जाते. आम्हाला ते वाचून आपला दुपारचा वुजू आठवला. मलम गुडघ्याची झीज भरून काढत नाही. ते फक्त दुखण्याचा आवाज कमी करते, आणि तेवढ्या शांततेत व्यायाम करून घ्यायचा असतो. व्यायाम टाळून नुसते मलम लावणाऱ्यांच्या हाती फार काही लागत नाही, हे आमच्या स्टाफरूममधल्या दोघीतिघींकडे बघून सांगतो.

दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच दुखण्याच्या जेलमध्ये मिरची नसते. काहींत मेंथॉल म्हणजे पुदिन्याचा थंडावा असतो. तो थंडी ओळखणारे दुसरे दार उघडतो. काहींत गंधपुऱ्याच्या तेलात असते ते मिथाइल सॅलिसिलेट. बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफिनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि थोडे कॅप्सेसिन असे सगळेच एकत्र असते. मूत्रपिंडाचा त्रास आहे म्हणून गोळी बंद केलेल्या माणसाने डायक्लोफिनॅकचे जेल दोन्ही गुडघ्यांना, कंबरेला, खांद्याला असे सर्वांगाला थापायला सुरुवात केली, तर थोडे का होईना तेच औषध पुन्हा पोटात गेल्यासारखे झाले. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनची गोळी चालू असलेल्यांनी मिथाइल सॅलिसिलेटचे बाम वारेमाप चोळू नये. म्हणून ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचा. आजी-आजोबांना दिसत नसतील तर शाळेत जाणाऱ्या नातवंडांकडून वाचून घ्या. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हा गृहपाठ एकदा दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आलेल्या नावांनी फळा भरून गेला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि कॅप्सेसिन असलेल्या अशा बिनचिठ्ठीच्या मलमांनी क्वचित कातडी खरोखर भाजल्याच्या घटनांबद्दल इशारा दिला होता. लावल्यावर फोड आले किंवा आग सहन होईना, तर ‘औषध काम करतेय’ म्हणत बसू नका. पुसून टाका, साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घरगुती तेलाचा विषय निघतोच. आमच्या एका खालांनी करडईच्या तेलात लसूण, ओवा आणि मूठभर लाल मिरच्या उकळून ठेवल्या होत्या. लसूण-ओव्याच्या कोमट तेलाची मालीश आम्हालाही आवडते, ती खुशाल करावी. मिरची मात्र त्यात नको. ट्यूबमध्ये १०० ग्रॅम मलमाला २५ मिलिग्रॅम कॅप्सेसिन असते, मोजून घातलेले. कढईत किती उतरले हे कोण मोजणार? एक मिरची गोडसर, दुसरी जहाल. खालांच्या पोटरीवर आलेले फोड बरे व्हायला पंधरा दिवस लागले.

मधुमेह असलेल्यांच्या पावलांत रात्री जी जळजळ होते, मुंग्या येतात, त्या नसांच्या दुखण्यावरही कॅप्सेसिन वापरतात. नागीण बरी झाल्यावर महिनोन्महिने मागे राहणाऱ्या कळेवरही वापरतात. त्यासाठी ८ टक्के कॅप्सेसिनची एक पट्टी निघाली आहे. अमेरिकेत तिला २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि २०२० मध्ये मधुमेहींच्या पावलांसाठी मान्यता मिळाली. ही पट्टी घरी लावायची नसते; दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीत पावलांना अर्धा तास, नागिणीच्या जागी एक तास लावतात आणि तिचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. साध्या मलमाच्या तीनशेपट जहाल असल्यामुळे हे लक्षात ठेवावे. नागिणीचे फोड अंगावर असताना मात्र साधे मलमसुद्धा लावू नये. आणि पावले बधिर झाली असतील, चप्पल निसटली तरी कळत नसेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणतेच झोंबणारे औषध तिथे नको. ज्याला चटका कळत नाही, त्याला जखमही कळत नाही.

सांधा अचानक सुजला, गरम लागला, ताप आला, किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर हा मलमाचा विषयच नाही. तडक दवाखाना.

अम्मांचे मलम सुरू होऊन आता चार महिने झाले. पहिले दहा दिवस त्यांनी आम्हाला रोज बोल लावले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी स्वतःच विचारले, ‘‘दुल्हन, आज लगाना भूल गई क्या?’’ आग होत नसल्यामुळे त्यांना वाटले होते की मलम लावलेच नाही. आम्ही तर फजरनंतर लावून शाळेची तयारी करत होतो. डब्यातल्या गोळ्यांची जागा ट्यूबने घेतली आहे. गेल्या तपासणीत क्रिएटिनिन आणखी वाढलेले नव्हते. डॉक्टर त्यावर फार काही बोलले नाहीत, पुढची तारीख दिली.

नमाज अजून खुर्चीवरच आहे. मागच्या आठवड्यात वर्षाची मिरची घरात आली, तेव्हा अम्मा कुणाला न सांगता खाली चटईवर बसून देठ खुडू लागल्या. आम्ही ओरडलो तर म्हणाल्या, बसता येते तोवर बसू द्या. तास-दीड तास बसल्या. उठताना भिंतीला एक हात आणि आमच्या खांद्याला एक. मग तेल मागितले, बोटांना चोळले, साबणाने हात धुतले आणि असरच्या वुजूसाठी पाणी मागितले.